कूलर बिघडतो कुठे?

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यात पक्के आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. डोंगर उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आलं की मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे, खामगावची उंची त्याच्या निम्म्याच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी राजूर घाट उतरणाऱ्या एसटीच्या खिडकीतून हा फरक चेहऱ्यावर जाणवतो. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या हाती आला, आणि पुढे जिल्ह्याचं ठाणं घाटावर झालं. त्यात या हवेचा वाटा मोठा होता असं आजही सांगितलं जातं. साहेब घाटावर गेला. घाटाखालच्या माणसानं हवेशी आपल्यापुरता समझोता करून घेतला. आज त्या समझोत्याचं नाव कूलर आहे.

मार्च संपता संपता घाटाखालच्या गावांत माळ्यावरून कूलर खाली उतरतात. पत्र्याला रंग लागतो, ताट्या बदलल्या जातात, मोटर पाण्यात बुडवून पाहिली जाते. दुरुस्तीच्या दुकानांत एकच वाक्य ऐकू येतं : ‘हवा तर येते, पण थंड होत नाही.’ या तक्रारीचा इतिहास कूलरपेक्षा बराच जुना आहे. तो नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. हवेतल्या ओलीशी व्यवहार करणारं कोणतंही यंत्र, मग ते ओल घालणारा कूलर असो की ओल काढणारा डीह्युमिडिफायर, बिघडल्यासारखं वाटतं तेव्हा बिघाड पुष्कळदा यंत्राच्या बाहेर असतो. हवेत, पाण्यात किंवा जमिनीत.

वाळ्याची ताटी

ताटी हा शब्द मराठीला मुक्ताबाईच्या अभंगांमुळे घरचा आहे. ताटी म्हणजे झोपडीच्या दाराला लावायचा झापा. वऱ्हाडात कूलरच्या बाजूला बसवलेल्या गवताच्या चौकटीलाही ताटीच म्हणतात, आणि ते योग्यच आहे, कारण कूलर जन्माला आला तो दारावरच्या ताटीतूनच.

अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या मुळांपासून बांधलेल्या खोल्यांचा उल्लेख आहे. त्यांच्यावर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, अशा अर्थाचं वर्णन त्यात येतं. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी बर्निएनंही दिल्लीतले हे खसखाने पाहिले. पुढे इंग्रजांच्या बंगल्यांत पश्चिमेच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या तट्ट्या लागल्या आणि त्यांच्यावर सतत पाणी मारायला माणूस ठेवला गेला. छताला लोंबणारा पंखा ओढायला दुसरा माणूस होताच.

वाळ्याच्या तट्टीची एक अडचण होती : बाहेर वारा असेल तरच ती काम करी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्यावर तोडगा काढला. लाकडी पेटीत पात्यांचं चाक, पेटीच्या बाजूंना ओल्या तट्ट्या, आणि पेटीचं तोंड खिडकीत. चाक बाहेरून हातानं फिरवायचं. या यंत्राला त्यांनी ‘थर्मँटिडोट’, म्हणजे उष्णतेवरचा उतारा, असं भारदस्त नाव दिलं. त्या काळच्या वर्णनांत त्याची तुलना धान्य उफणायच्या यंत्राशी केलेली आढळते. आजचा कूलर शेजारी ठेवून पाहा. पेटी तीच, तट्ट्या त्याच, खिडकीतलं तोंड तेच. पाणी मारणाऱ्याच्या जागी पाण्याची मोटर आली आणि चाक फिरवणाऱ्याच्या जागी पंख्याची. म्हणजे आज आपण ज्या दोन भागांची सगळ्यांत जास्त दुरुस्ती करतो, त्या दोन जागी दीडशे वर्षांपूर्वी माणसं उभी होती, तीही उन्हात, भिंतीच्या पलीकडे. गारव्याचा लाभ त्यांच्या वाट्याला नव्हता.

ओला फडका आणि कोरडा फडका

ताटी हवा थंड करते कशी? पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. ही उष्णता ताटीतून जाणाऱ्या हवेकडूनच वसूल होते, म्हणून हवा थंड होते. पण हवा पाणी किती घेणार, हे ती आधीच किती ओली आहे यावर ठरतं.

हे मोजायचं साधन अगदी साधं आहे. शेजारी शेजारी दोन तापमापक. एक उघडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचा तुकडा गुंडाळलेला, तुकड्याचं टोक पाण्याच्या भांड्यात. हवा कोरडी असेल तर मलमलीतलं पाणी भराभर उडतं आणि ओल्या तापमापकाचा पारा खूप खाली उतरतो. हवा ओली असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. तेव्हापासून देशभरच्या वेधशाळांत ही जोडी रोज वाचली गेली आहे. कोणताही कूलर कितीही चांगला असला तरी ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली जाऊ शकत नाही. ती त्याची लक्ष्मणरेषा. चांगल्या ताट्यांचा कूलर दोन आकड्यांमधलं साधारण तीन-चतुर्थांश अंतर कापतो.

घाटाखालच्या मे महिन्यातली दुपार धरू : तापमान ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओला तापमापक सुमारे २२ दाखवेल. अंतर वीस अंशांचं. कूलरमधून येणारी हवा २७ अंशांच्या आसपास. स्वर्गच. आता जूनअखेरचा उकाडा धरू, पहिला पाऊस पडून गेलेला, पुढचा लांबलेला : तापमान ३४, आर्द्रता ७० टक्के. ओला तापमापक २९च्या वर. अंतर पाचाच्या आत. कूलर काल होता तोच आहे, पण हवा येते ती तिशीच्या वर, आणि तीही ओथंबलेली. चादर चिकटते, मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात. लोक मोटर खोलून बघतात. मोटर ठणठणीत असते.

हवेतलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हे पटत नाही. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. मे महिन्यातल्या त्या दुपारी खोलीभर हवेत मिळून जेमतेम पाव लिटर पाणी असतं. जूनअखेरच्या त्या दिवशी त्याच खोलीत पाऊण लिटर. तापमान आठ अंशांनी उतरलेलं आणि पाणी तिप्पट.

याच कारणानं कूलरची सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे खिडकी उघडणं. एसी बसवलेल्या घराचं पाहून कूलरच्या खोलीचीही दारं लावून घेतली जातात. मग कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो आणि तासाभरात मे महिन्यातही जून करून टाकतो. कूलरचं तोंड बाहेरून हवा घेणारं हवं आणि समोरून हवेला बाहेर जायला वाट हवी. दारं लावली की त्याच्या कामाचा पाया जातो.

ब्रुकलिनचा छापखाना, खामगावचा कापूस

ओल घालणाऱ्या यंत्राचा प्रवास असा वाड्यांतून आणि बंगल्यांतून झाला. ओल काढणाऱ्या यंत्राचा प्रवास कारखान्यातून सुरू झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याला एक अडचण होती. रंगीत छपाईत एकेक रंग स्वतंत्रपणे छापला जाई. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा, आणि पुढचा रंग आधीच्या रंगावर नेमका बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याकडे हे काम आलं. त्यानं थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातली ओल काढली. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात या यंत्रापासून मानतात, आणि त्याचं मुख्य काम माणसांना गार करणं हे नव्हतंच. तो मुळात डीह्युमिडिफायर होता.

कॅरियरची पुढची कल्पना आणखी मजेदार. १९०६ साली मिळालेल्या पेटंटात त्यानं हवा पाण्याच्या फवाऱ्यातून नेली, आणि तीही वाळवण्यासाठी! पाणी पुरेसं गार असेल तर हवेतली वाफच त्या थेंबांवर जमते. म्हणजे ताटी आणि कॅरियरचा फवारा यांत फरक पाण्याच्या तापमानाचा. हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन बसू लागते, त्याच्या वर पाणी असेल तर ते हवेला ओल देतं. त्याच्या खाली असेल तर हवेकडून ओल घेतं.

त्याच १९०६ साली ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी अभियंत्यानं वापरात आणला, तो कापसाच्या गिरण्यांसाठी. गिरण्यांना हवा ओली हवी होती, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. कापसाला ओल हवी आणि कागदाला नको, अशा दोन उलट गरजांतून एकच शास्त्र उभं राहिलं.

कापूस आणि ओल म्हटलं की खामगाव आलंच. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. वऱ्हाडच्या या बाजारात ओलावा हा भांडणाचा विषय राहिला. कापूस हवेतलं पाणी ओढून घेतो, वजन वाढतं, आणि वजनालाच पैसा मिळतो. कापसावर पाणी मारून गाठी बांधण्याच्या लबाडीला आळा घालण्यासाठी १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. आजही कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत कपात आणि बारावर नकार. पण पहाटेच्या दवात वेचलेला कापूस कोणी पाणी न मारताही ओला असतो, आणि दुपारच्या उन्हात पसरला तर तोच कमी भरतो. मापकावरचा आकडा लबाडीचा की हवेचा, हे गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला सिद्ध करता येत नाही. दुकानात आणलेला कूलर आणि बाजारात आणलेला कापूस या दोघांचीही परीक्षा हवेला सोडून होते.

डीह्युमिडिफायर म्हणून विकली जाणारी पेटी घाटाखालच्या घरांत क्वचितच दिसते. पण एसी दरवर्षी वाढताहेत, आणि एसीतलं ‘ड्राय’ बटण दाबलं की तो हेच काम करतो. पेटीची रचना साधी आहे. पंखा खोलीतली हवा आधी थंड नळीवरून ओढतो, तिथे वाफेचे थेंब होऊन खालच्या डब्यात पडतात. मग तीच हवा मागच्या गरम नळीवरून जाऊन खोलीत परत येते. दोन्ही नळ्या एकाच पेटीत असल्यानं खोली थंड होत नाही, उलट थोडी तापते. यंत्र बिघडल्याची पहिली तक्रार इथूनच येते, आणि ती बिघाडाची नसते.

दुसरी तक्रार : डब्यात पाणी जमत नाही. आधी पाहायचं ते ऋतूकडे. मे महिन्यातल्या त्या ४२ अंशांच्या हवेत दव जमायला तापमान दहा अंशांच्या आसपास उतरावं लागतं. नळी जेमतेम तितकीच गार असते, म्हणून धडधाकट यंत्रही दिवसभरात थेंब-थेंब देतं. जूनअखेरच्या हवेत हाच आकडा २८च्या घरात असतो, आणि तेव्हा डबा भराभर भरायला हवा. पावसाळ्यातही कोरडाच राहिला तर मात्र यंत्र उघडायचं. प्लग काढून, आणि कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते हे लक्षात ठेवून. आधी जाळी : धुळीनं भरली असेल तर हवा फिरत नाही आणि नळीवर बर्फ चढतो. मग डब्यातला तरंगता खटका : तो अडकला तर यंत्राला डबा भरलाय असं वाटतं आणि ते थांबून राहतं. मग पंखा, मग कॉम्प्रेसर सुरू करणारा कपॅसिटर, ज्याला दुकानात कंडेन्सर म्हणतात. गॅस गळाल्याचा संशय सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे क्रम उलटा लागतो. ‘गॅस भरावा लागेल’ हे निदान जाळी धुण्याआधीच होतं.

वाळवंटातून आलेली पेटी

वाळ्याच्या तट्टीला वीज जोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं ते अमेरिकेच्या अॅरिझोनात, १९३०च्या दशकात. तिथे उन्हाळा वऱ्हाडासारखाच कोरडा. लाकडाच्या पिंजरीच्या गाद्या, त्यांच्यावर ठिबकणारं पाणी, मागे विजेचा पंखा. लोक घरच्या घरी या पेट्या ठोकून बनवत. गंमत म्हणजे अॅरिझोनालाही जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी वारे गाठतात आणि तिथल्याही पेट्या तेव्हा हात टेकतात. तिकडे या यंत्राला ‘स्वॉम्प कूलर’, म्हणजे दलदलीचा कूलर, असंही म्हणतात.

आपल्याकडे हीच पेटी ‘डेझर्ट कूलर’ म्हणून आली आणि विदर्भात तिला खरं घर मिळालं. इथे ती बहुतांशी गावातल्या पत्र्याच्या कारागिरानं बनवलेली. पत्र्याचा टप, तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत वाळा किंवा लाकडाची पिंजर, समोर पंखा. सगळे भाग सुटे मिळतात आणि सुटेच बदलता येतात. प्लॅस्टिकच्या कंपनी-कूलरनी शहरं घेतली तरी पत्र्याचा कूलर हटला नाही, यामागे ही दुरुस्तीची सोय आहे.

त्याच्या दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे. पंखा हळू फिरत असेल तर कंडेन्सर किंवा झिजलेलं बुश. पाणी वर चढत नसेल तर मोटरच्या तोंडाशी अडकलेला कचरा. पाणी चढतं पण ताटी अर्धीच भिजते, तर वरच्या नळीची भोकं बुजलेली. ताटी भिजते तरी हवा गरम, तर पिंजर खाली बसून वर फट पडलेली असते. हवा सोपी वाट धरते, म्हणून वीतभर कोरडी फट उरलेली ओली ताटी निकामी करून टाकते. एवढं करूनही ‘थंड होत नाही’ असं वाटलं तर ओल्या फडक्याची परीक्षा घ्यावी. तापमापकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून सावलीत पंख्यासमोर धरा. कूलरच्या हवेचा आकडा त्याच्या पाच-सहा अंशांत असेल तर यंत्राचा दोष नाही.

टपातलं लोणार

आता पाणी. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. आपल्या जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांना त्याची झळ आहे. जमिनीखालचं पाणी खारट, पिकाला नको आणि पोटालाही नको. पिण्याजोगं पाणी मोजून येत असेल तर कूलरमध्ये कोणतं पाणी जाणार, हे सांगायला नको. बोअरचं.

कूलरमधून उडून जातं ते निव्वळ पाणी. त्यातला क्षार जागेवर राहतो. लिटरमागे दोन ग्रॅम क्षार धरले आणि रोज पन्नास लिटर पाणी उडालं, तर रोज शंभर ग्रॅम क्षार मागे पडतो. दोन महिन्यांत सहा किलो. तो ताटीवर पांढरा थर धरतो, नळीची भोकं बुजवतो, मोटर जाम करतो, पत्रा खातो. वेधशाळेतल्या निरीक्षकांनाही हीच सूचना असते : मलमल स्वच्छ ठेवा, पाणी ऊर्ध्वपातित किंवा पावसाचं वापरा, नाहीतर क्षार बसून आकडा चुकतो. तापमापकाची मलमल आणि कूलरची ताटी एकाच दुखण्यानं आजारी पडतात.

या दुखण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण याच जिल्ह्यात आहे, घाटावर. लोणारच्या सरोवरात धारेचं आणि पावसाचं पाणी येतं, बाहेर जायला मात्र वाट नाही. आलेलं पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे साचत राहतो. वाळ्याच्या खोल्यांचं कौतुक करणारी ‘आईन-ए-अकबरी’ लोणारच्या परिसरात काच आणि साबणाला लागणारी द्रव्यं मिळतात, असंही नोंदवते. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पातळी खाली गेली होती, क्षार दाटले होते आणि अशा पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला होता. पाणी फक्त वरून टाकायचं आणि कधी उपसायचं नाही, हा लोणारचा निसर्गनियम. आपण तोच कूलरच्या टपाला लावतो. रोज भर घालतो, पण टप रिकामा करत नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे : दोन-चार दिवसांआड टप पूर्ण ओतून द्यावा. पाणीटंचाईत हे जिवावर येतं, पण ते अंगणात शिंपडता येतं, फरशी पुसायला चालतं. निदान आठवड्यातून एकदा तरी टप कोरडा झालाच पाहिजे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ आणि मोटरचं आयुष्य इथे एकाच बादलीनं साधतं.

आताच्या कूलरमध्ये पिंजरीऐवजी मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड येतात. या पोळ्याच्या रचनेमागे कार्ल मुंटर्स या स्वीडिश संशोधकाचं नाव येतं. त्यानं १९५५ साली काढलेली कंपनी आज दोन गोष्टींसाठी ओळखली जाते : कूलरचे पॅड आणि कारखान्यांचे डीह्युमिडिफायर. दोन्हींत हवेला कागदी पोळ्यातूनच नेतात. फरक एवढाच की एकात पोळं पाण्यानं भिजवलेलं असतं, दुसऱ्यात ओल शोषणाऱ्या द्रव्यानं. खारपाणपट्ट्यात मात्र या नव्या पॅडची बारीक भोकं पिंजरीपेक्षा लवकर बुजतात, आणि पिंजर फेकून नवी भरणं जितकं स्वस्त, तितकं पॅड बदलणं नाही.

जमिनीतली ओल

ताटी गरम हवा देते, क्षार मोटर खातो. यानं जीव जात नाही. तिसरा बिघाड जीव घेतो. वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. बहुधा टपात पाणी टाकताना, ओल्या फरशीवर, अनवाणी. पुष्कळदा गृहिणी, कधी लहान मूल.

कारण थर्मँटिडोटच्या इतिहासातच आहे. चाक फिरवणारा आणि पाणी मारणारा माणूस गेला, त्याच्या जागी वीज आली, पण पेटी तशीच ओली राहिली. आता त्या ओल्या पेटीला लोखंडी अंग होतं. पाण्यात बुडालेल्या मोटरचं आवरण तडकतं, क्षारामुळे लवकर तडकतं, आणि वीज पाण्यातून पत्र्यात उतरते. तीन पिनांचा प्लग आणि त्यातली अर्थिंगची तार असेल तर ती वीज जमिनीत जाते. पण कूलरला जोडलेली वायर अनेकदा दोन तारांचीच असते, तिसरी पिन शोभेची.

अर्थिंग असलं तरी ते चालतं का, हा प्रश्न इथे वेगळाच आहे. आपली काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात तीच वाळते, भेगाळते, आणि खड्ड्यातली पट्टी कोरड्या मातीत एकटी उरते. म्हणजे कूलर सगळ्यांत जास्त चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यांत कमजोर. जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात तिथे पाणी टाकायला सांगतात, ते यासाठी. कूलरला रोज पन्नास लिटर पाजणाऱ्या घरानं त्यातली एक बादली आठवड्याला अर्थिंगच्या खड्ड्याला द्यावी. शिवाय घराच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक खटका, म्हणजे आरसीसीबी, बसवून घ्यावा. वीज वाट चुकली की तो क्षणात पुरवठा तोडतो. आणि पाणी भरताना बटण बंद करून थांबू नये, प्लग उपसून बाजूला ठेवावा. महावितरण दर उन्हाळ्यात अशाच सूचना देतं. त्या वाचल्या जातात, पण प्लग उपसायला टेबलामागे हात घालावा लागतो, आणि तिथेच कंटाळा येतो.

वाळ्याच्या ताटीपासून आजपर्यंतच्या या प्रवासात आपण माणसाची जागा मोटरला दिली, वाळ्याची जागा पिंजरीला आणि पिंजरीची कागदाला. हवा, पाणी आणि माती मात्र बदलून मिळत नाहीत. म्हणून घाटाखालचा जुना कारागीर कूलर पाहायला आला की स्क्रू-ड्रायव्हर काढण्याआधी तीन गोष्टी विचारतो : खिडकी उघडी असते का, पाणी कुठलं, आणि अर्थिंग आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं घरच्या माणसालाच देता येतात. ती नीट मिळाली तर निम्मे कूलर उघडावेच लागत नाहीत. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ताट्या काढून, टप धुऊन, मोटर वाळवून कूलर माळ्यावर चढवावा हे बरं. त्या दिवसापासून त्याला काम उरत नाही, आणि नुसता चालू ठेवला तर तो आधीच ओल्या झालेल्या घरात आणखी ओल भरत राहतो.